एक पाकीट, एक बाटली

मंगळवार, ४ तारीख

आज डोकं फिरलंय. गच्चीवरच्या टाकीचं झाकण उघडं! वर जाऊन बघते तर झाकण बाजूला पडलंय, आत कबुतराची पिसं तरंगताहेत, आणि खाली माझ्या पाळणाघरात अकरा पोरं. पिण्याचं मी उकळून गाळून देते, पण हात त्याच पाण्यानं धुतात. आणि या वयात हात धुऊन झाल्यावर तो पहिला जातो कुठे? तोंडात! रखवालदाराला विचारलं तर म्हणतो, "वारा सुटला असेल, ताई." वारा म्हणे! ते झाकण मला आणि त्याला मिळून हलेना.

परवापासून पाच पोरांना जुलाब. दुपटी संपली, पंचे संपले, आज खिडकीचा पडदा फाडून वापरला. आयांना फोन केले तर एकीची मीटिंग, दुसरीचा साहेब समोर, तिसरी म्हणते, "दात येत असतील हो ताई." दात येताहेत तर मग बत्तीसच्या बत्तीस एकदम येताहेत वाटतं.

तेव्हा मीच ठरवलं. ओआरएसची पाकिटं घरात भरपूर आहेत, संत्र्याच्या चवीची. जुलाबात अंगातलं पाणी आणि मीठ जातं ते भरून काढायला हेच लागतं, एवढं मला अकरा वर्षांत कळलंय. पण आजवर आम्ही पाण्याच्या मोठ्या जगमध्ये एक पाकीट कालवायचो आणि पेल्यांतून सगळ्यांना पाजायचो. एकाचा उष्टा पेला दुसऱ्याच्या तोंडाला, आणि मग रोग फिरत राहतो घरभर. आजपासून तो जग बंद. माळ्यावर टाकला. प्रत्येकाची स्वतःची पाव लिटरची बाटली, तिच्यावर चित्र चिकटवलेलं, आणि प्रत्येकाला स्वतःचं पाकीट. एक पाकीट, एक बाटली. कुणाचं कुणाला लागायला नको.

मावशी लगेच तोंड उघडून तयार. "एवढंसं पाणी आणि अख्खं पाकीट, बाई?" म्हटलं, मग काय अर्धं फोडून ठेवायचं आणि मुंग्यांना पाजायचं? नऊ वर्षं काम करतात माझ्याकडे, पण स्वच्छता हा शब्द काढला की चेहरा असा करतात जसं काही मी त्यांच्या माहेराला नावं ठेवली.

बुधवार, ५ तारीख

पालकांच्या ग्रुपवर सकाळी सगळं लिहून टाकलं. ठळक अक्षरांत. "घरीही हेच करा. एक पाकीट, एक बाटली. साधं पाणी अजिबात देऊ नका, टाकी खराब आहे." खाली बाटल्यांचा फोटो. पंधरा जणांनी अंगठे दाखवले, एकीनं लिहिलं, "ताई, तुमच्यासारखी काटेकोर बाई बघितली नाही," आणि पुढे तिच्या बहिणींच्या ग्रुपवर पाठवलं. बरं वाटलं. उगाच कशाला खोटं लिहू?

पोरं मात्र एकेक नमुना. जुळ्या मुली म्हणजे माकडं आहेत. एक घोट घेतला की फुर्रकन माझ्या अंगावर. दोघींनी मिळून माझी ओढणी भिजवली. चष्मेवाल्याचा मुलगा ओठ मिटून बसला तो बसलाच, चमचा आत जाईना. गुणी फक्त एकच, भुंगा. सव्वा वर्षाचा आहे, पिताना गुं गुं करतो म्हणून मीच त्याला भुंगा म्हणायला लागले, आता त्याची आईसुद्धा तेच म्हणते. बाटली दिली की दोन्ही हातांनी धरतो आणि तळाला नेतो. आज एक संपवली, दुसरी अर्धी. असं पोर असेल तर पाळणाघर चालवायला काय जातंय?

त्याची आई बस चालवते. सकाळी साडेसहाला डेपोत जायच्या आधी गणवेशात येऊन त्याला माझ्या कडेवर देते आणि मागे न बघता जाते, बघितलं तर पाय निघत नाही म्हणे. आज पहिल्यांदाच मागे बघितलं. म्हटलं, अगं जा, मी आहे ना.

गुरुवार, ६ तारीख

मावशींना काढलं.

सकाळी स्वयंपाकघरात गेले तर बाई भुंग्याच्या बाटलीतलं चमच्यात ओतून स्वतः चाखताहेत! पोराच्या बाटलीतलं! मी ओरडले तर म्हणतात कशा, "खारट आहे हो, बाई. घशाखाली उतरत नाही. अश्रूंपेक्षा खारट नसावं ते." मला शिकवताहेत! म्हटलं, औषध आहे ते, सरबत नाही.

एवढ्यावर थांबल्या असत्या तर मी गिळलं असतं. पण दुपारी पोरं झोपवून मागच्या दारी गेले तर मावशी जुळ्यांना मांडीवर घेऊन स्टीलच्या वाटीतून साधं पाणी पाजताहेत. चोरून! म्हणे उकळलेलं आहे. कधी उकळलं, कशात उकळलं, झाकून ठेवलं होतं का, कोण सांगणार? मी इथे जीव तोडून एकेका बाटलीला पाण्याच्या वाफेवर धरते आणि या मागच्या दारानं सगळ्यावर पाणी ओततात. "पोरं तळमळताहेत पाण्यासाठी, बाई. बघवत नाही." न बघवायला काय झालं, डोळे मिटा म्हणावं.

"उद्यापासून येऊ नका," म्हटलं. मावशींनी एप्रन काढला, चार घड्या घालून ओट्यावर ठेवला, चपला घातल्या. भुंग्याच्या पाळण्यापाशी जरा थांबल्या आणि गेल्या. एक शब्द बोलल्या असत्या तर मीही चार ऐकवले असते.

शुक्रवार, ७ तारीख. दुपार

एकटीनं जमत नाही. कबूल. पण कुणाला फोन करणार नाही.

जुळ्या आज ठणठणीत. खेळण्यांची पेटी उलटी करून तिच्यात बसल्यात. चष्मेवाल्याचा मुलगाही हसतोय. ज्यांनी औषध थुंकलं ती उड्या मारताहेत आणि ज्यानं गुमान घेतलं तोच पडलाय. दुनियेचा न्यायच उलटा.

भुंग्याला काय झालंय कळत नाही. जुलाब जरा कमी, पण ओकतोय, आणि रडणं त्याचं नाहीच. बारीक, टोकदार, किंचाळल्यासारखं. उचललं की जास्त, ठेवलं की जास्त. मोरीतल्या नळाकडे हात करतो आणि जीभ बाहेर काढतो. काल तर मी बादली धूत होते, सरपटत येऊन बादलीच्या कडेला तोंड लावलं. ओढून काढला. एवढं पाजते तरी कसली ही तहान? परत एक बाटली दिली, ती घटाघटा प्यायला. म्हणजे अंगाला हवंच होतं ना?

त्याच्या आईचा डेपोतून फोन आला. डोळे खोल गेलेत का बघितलं, फार नाही. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, लगेच खाली बसते. पाणी कमी झालं की ती तशीच उभी राहते, हे मला माहीत आहे. म्हटलं, "काळजी करू नकोस, पाणी कमी नाही झालेलं." फक्त कातडी हाताला वेगळी लागते, मळून ठेवलेल्या पिठासारखी. हे तिला सांगितलं नाही. उगाच घाबरायची, आणि स्टिअरिंग तिच्या हातात.

शनिवार, ८ तारीख

काल चार वाजता भुंग्याला झटके आले.

माझ्या मांडीवर. आधी डावा हात, मग सगळंच अंग. डोळे वर. बाकी पोरं शेजारणीच्या अंगावर टाकून, त्याला कवटाळून अनवाणी धावले. रिक्षा, मग दवाखाना, मग कुणीतरी माझ्या हातून ओढून घेतला.

डॉक्टरीण अगदी पोरगी. काल शाळा सुटली असावी असं वय. सुई, रक्त, नळ्या, सगळं भराभर केलं तिनं, झटके थांबवले. मग रिपोर्ट आला तो वाचून परत वाचला. म्हणाली, "सोडियम एकशे बहात्तर." मी म्हटलं, म्हणजे किती? "एकशे पस्तीस ते एकशे पंचेचाळीस हवं. रक्तात मीठ भयंकर वाढलंय. जुलाबात साधारण असं होत नाही. काय पाजत होता?"

मी तर तोऱ्यातच सांगितलं. माझं सगळं चोख होतं ना! पाकीट, बाटली, वाफ, चित्र, सगळं. एकेक पाकीट एकेका बाटलीत. तिनं पेन खाली ठेवलं. मग म्हणाली, "बाटली आहे का तुमच्याकडे?" पिशवीत होती. फुलपाखराचं चित्र. तिनं ती हातात घेऊन तळाशी लिहिलेलं माप बघितलं, मग माझ्याकडून पाकीट मागितलं आणि उलटं करून माझ्यासमोर धरलं.

एक लिटर पाण्यात मिसळा.

किती बारीक अक्षरं! मुंगीएवढी! बायांच्या हातात देतात आणि लिहितात मुंगीएवढं! पुढच्या बाजूला संत्र्याचं चित्र वीतभर आणि पाणी किती ते मागे कोपऱ्यात! मी तिच्यावर ओरडले. ही पाकिटं बनवणाऱ्यांना तुरुंगात टाका म्हटलं. ती म्हणाली, "काकू, पाव लिटरमध्ये अख्खं पाकीट म्हणजे चौपट मीठ. अंगातल्या पेशींमधलं पाणी हे मीठ ओढून घेतं. मेंदूतलंही. म्हणून तहान, म्हणून झटके. कातडी पिठासारखी लागत होती का?"

मी मान हलवली.

माळ्यावर टाकलेल्या त्या जगमध्ये बरोब्बर एक लिटर पाणी मावायचं. नऊ वर्षं मावशी त्यात एक पाकीट टाकायच्या. आम्हाला कधी वाचायची वेळच आली नाही.

रविवार, ९ तारीख

सलाईन थेंब थेंब. थेंब! पोराची जीभ लाकूड झालीय, आणि ही पोरगी थेंब मोजतेय. मी सकाळी नर्सशी भांडले, मग वॉर्डबॉयशी, मग डॉक्टरिणीशी. म्हटलं, मीठ जास्त झालं तर पाणी द्या ना भरपूर, साधी गोष्ट आहे, का तहानेनं मारताय त्याला?

पहिल्यांदा तिनं आवाज चढवला. "घाईनं दिलं तर मेंदूला सूज येईल आणि मग मी काही करू शकणार नाही. चोवीस तासांत दहाबारा उतरायला हवं, जास्त नाही. तुम्ही चार दिवस घाई केलीत, आता मला सावकाश करू द्या." वॉर्डातल्या सगळ्या बायका वळून बघायला लागल्या. मला तिच्या कानाखाली द्यावीशी वाटली. बरोबर बोलत होती म्हणून जास्तच.

संध्याकाळी एकशे बासष्ट. पोटॅशियम कमी आहे, ते लघवी झाल्यावर सलाईनमधून घालणार. दोनदा झाली. नर्सनं ओला लंगोट वजनकाट्यावर ठेवला तेव्हा मी काट्याकडे अशी बघत होते जशी माझी परीक्षा आहे. डोळे उघडले त्यानं. ओळख काही दिसली नाही.

त्याची आई गणवेशातच आहे परवापासून. टोपी मांडीवर. तिला डॉक्टरिणीनं काय सांगितलंय कोण जाणे, मी समोर असताना एवढंच बोलली की मीठ वाढलंय. मला म्हणाली, "ताई, तुम्ही धावलात म्हणून तो आहे. नाहीतर मी बसमध्येच असते." आणि जरा वेळानं, "मावशींना काढलंत ते बरं केलंत. त्या चोरून काय काय पाजायच्या म्हणे. डेपोत सगळ्यांना सांगितलंय मी."

मी "हं" म्हटलं.

हं! थू माझ्या जिभेवर.

सोमवार, १० तारीख

सकाळी ग्रुपवर लिहिलं. "मी चुकीचं सांगितलं होतं. एक पाकीट एक लिटर पाण्यात. बाटलीत नाही. साधं उकळलेलं पाणीही द्या." पाच मिनिटांत अंगठे. आणि एका बापाचा फोन, "ताई, मग दोन बाटल्यांत एक पाकीट ना?" काय वाचतात ही माणसं? अंगठे दाखवायचे आणि पुढे ढकलायचं! हा संताप कुणावर काढू, सगळे माझ्यावरच तर विसंबलेत.

पाळणाघराला कुलूप घातलं आणि पोरांच्या घरोघरी गेले. लिटरची बाटली बरोबर घेऊन. एकेकीच्या ओट्यावर ओतून दाखवलं. तिसऱ्या मजल्यावरचीनं माझ्यासमोर फ्रीज उघडला, आत पाव लिटरच्या दोन बाटल्या तयार, उद्याच्या. माझ्या हातानं मोरीत ओतल्या. तिचा मुलगा बरा आहे, तो प्यायलाच नव्हता. तिनं त्याबद्दल त्याला मारलं होतं म्हणे.

मग औषधांच्या दुकानात, पाकिटं घ्यायला. पुढे एक बाई, कडेवर मलूल मूल. मी बोलायला गेले तर मलाच समजावते, "नाही हो, एक पाकीट एक बाटली. आणि साधं पाणी द्यायचं नाही. एक पाळणाघरवाल्या ताई आहेत, फार काटेकोर, त्यांनी सांगितलंय." कोण कुठली बाई, माझ्या दारातही कधी आली नाही! मी म्हटलं, "ती ताई मीच. आणि मी गाढव आहे." विश्वासच बसेना तिचा. शेवटी पाकीट उलटं करून तिच्या नाकासमोर धरलं. दुकानदारालाही बजावलं की प्रत्येकीला पाणी किती ते तोंडानं सांग. तो म्हणाला, "लिहिलेलं असतं की." माझा आवाज असा चढला की बाहेरची माणसं आत आली.

शेवटी मावशींचं घर. उंबऱ्यातच उभी राहिले, त्यांनी या म्हटलं नाही. सगळं सांगितलं, भुंग्याचं सांगितलं. त्या भांडी घासत होत्या, हात थांबले. "जगेल का?" एवढंच विचारलं. म्हटलं, माहीत नाही. मग म्हणाल्या, "बाई, मला वाचता येत नाही, तुम्हाला येतं. मला वाटलं तुम्ही वाचलं असणार." मी खूप बोलायचं ठरवून गेले होते. उंबऱ्यातूनच परत फिरले.

बुधवार, १२ तारीख

एकशे सेहेचाळीस. आईकडे बघून हात पुढे केला. वाटी-चमच्यानं पाणी पितोय, थोडं थोडं. डॉक्टरीण म्हणाली, धोका टळला, पण झटके आले होते, म्हणून चालणं, बोलणं, ऐकणं यावर वर्षभर लक्ष ठेवू. मी तिच्या पायाच पडणार होते, ती मागे सरकली. म्हणाली, "काकू, त्याच्या आईला तुम्ही सांगणार आहात की मी?"

मी सांगितलं. जिन्यावर, पायरीवर बसून. टाकी नाही, मावशी नाहीत, मी. पाकीट वाचलं नाही, मावशींनी चाखलं तर त्यांनाच हाकललं, आणि रविवारी तू मावशींना दोष दिलास तेव्हा तोंड उघडलं नाही. एका दमात सांगितलं. वाटलं होतं, ओरडेल. केस धरेल. मला तेच हवं होतं.

ती किती तरी वेळ टोपीच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "घरी पण तेच दिलं ना मी. बुधवारी आणि गुरुवारी. तुम्ही ग्रुपवर लिहिलं होतंत. तो तोंड फिरवत होता, ताई. मी नाक दाबून पाजलं."

मी तिच्या पाठीवर हात ठेवायला गेले. तिनं खांदा काढून घेतला.

सोमवार, २४ तारीख

आज पाळणाघर उघडलं. अकरातली सात आली. चार आता येणार नाहीत, त्यांचं बरोबर आहे. मावशी आल्या. मी माफी मागितली होती, त्यांनी माफ केलं की नाही ते त्या सांगत नाहीत, पण आल्या. टाकीला नवीन झाकण बसलंय, किल्ली माझ्याकडे. रखवालदाराशी त्यावरून भांडण झालं, सकाळी सकाळी.

साडेसहाला दारात बसवाली. कडेवर भुंगा. मला वाटलं होतं ती दुसरीकडे जाईल. माझ्या चेहऱ्यावर ते दिसलं असावं.

"दुसरीकडे कुठे नेऊ?" ती म्हणाली. "साडेसहाला कोण उघडतं? सुट्टी संपली माझी." आवाज अजिबात चढला नाही. "त्याला खायला-प्यायला मावशी देतील. पाणीसुद्धा. तुम्ही हात लावायचा नाही. हे एकदाच सांगते, परत सांगणार नाही."

म्हटलं, बरं.

एवढं बोलणं चाललं होतं तेव्हा भुंग्यानं मला बघितलं आणि हसला, आणि रोजच्यासारखे दोन्ही हात माझ्याकडे केले. सगळं अंग पुढे झोकून. त्याला काय माहीत? मी हात पाठीमागे घेतले. तो तसाच वाकून राहिला, मग रडायला लागला, आणि मावशींनी येऊन त्याला घेतलं.